घर विकणारे कागद



इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरखान्यांतील रुमाल उभे राहतात. आज मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे त्याचे आयुष्य बहुधा एका सकाळपुरते असते. वृत्तपत्राची घडी मोडताच ते खाली गळून पडते. त्याच्या कोऱ्या पाठीवर कोणी किराण्याची यादी लिहितो, कोणी त्याची पुडी बांधतो, आणि दुपारपर्यंत ते केराच्या टोपलीत जाते. हे साधन म्हणजे घरे व जमिनी विक्रीस काढल्याचे छापील हस्तपत्रक, आणि त्याचेच थोरले भावंड असलेली, गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत माहितीपुस्तिका.

विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु मध्यम स्थितीतील कुटुंब आयुष्यात बहुधा एकदाच घर घेते, त्यासाठी वीस-वीस वर्षे कर्जाचे हप्ते फेडते, आणि ज्या घरासाठी हे सर्व करावयाचे ते घर पुष्कळ वेळा कागदावरच पाहिलेले असते. विटा रचल्या जाण्यापूर्वी पैसे द्यावयाचे आणि ते कागदाच्या भरवशावर द्यावयाचे, हा व्यवहार आपल्या पूर्वजांना विलक्षण वाटला असता. तो आपल्याला स्वाभाविक कसा वाटू लागला, आणि त्या कागदामागे आपला शब्द घेऊन उभा राहणारा कोण, हाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

जमिनीच्या खरेदीचा एक फार जुना लेख आमच्या भागापासून दूर नाही. कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला गेले की गावाबाहेर त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी लागतात. तेथील एका लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने एक शेत विकत घेऊन दान दिले. त्याची हकीकत लेखात आली आहे. शेत वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून घेतले, ते पूर्वी त्याच्या पित्याचे होते, किंमत चार हजार कार्षापण दिली, आणि ते नगराच्या सीमेवर वायव्येस आहे, असे तो लेख सांगतो. त्याच लेण्यातील दुसऱ्या एका लेखात, दिलेल्या देणग्या निगमसभेत वाचून दाखविल्या व रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदविल्या, असेही म्हटले आहे. विकणारा कोण, त्याच्याकडे मालमत्ता कोठून आली, किंमत किती आणि ठिकाण कोणते, या चार गोष्टी दगडावर कोरल्या. शिवाय सभेत ऐकविल्या. पुढील सर्व काळातील कागद याच चार प्रश्नांच्या कसोटीवर घासून पाहावेत, अशी माझी श्रोत्यांना विनंती आहे.

मराठेशाहीतील खेड्यात मिरासी जमीन अथवा घरठाण विकले जाई तेव्हा मिरासपत्र लिहून होई. त्यात चतुःसीमा सांगितलेली असे, म्हणजे पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणाचे शेत, दक्षिणोत्तर कोणती वाट अथवा ओढा. पत्रावर पाटील, कुळकर्णी, शेजारी मिरासदार आणि बलुतेदार यांच्या साक्षी पडत. वाद उत्पन्न झाला तर गोतसभा बसे आणि महजर होई. येथे विक्रीची जाहिरात अशी काही नव्हतीच. घेणारा व विकणारा एकाच पाणवठ्याचे पाणी पिणारे असल्यामुळे भिंतीला ओल किती येते आणि पागोळ्यांवरून शेजाऱ्याशी तंटा आहे किंवा नाही, हे घेणाऱ्याला विकणाऱ्याइतकेच ठाऊक असे. फार तर चावडीपुढे दवंडी पिटली जाई, आणि ती ऐकणारे सारे ओळखीचे असत.

शहरात ही स्थिती राहत नाही. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपे नगरात भिंतीवर रंगविलेली एक सूचना सापडली आहे. माळ्यासह दुकाने, वरच्या मजल्यावरील चांगल्या खोल्या आणि एक घर 1 जुलैपासून भाड्याने देणे आहे, आणि चौकशी मालकाच्या प्राइमस नावाच्या दासाकडे करावी, असा तिचा आशय आहे. दोन परकी माणसे एकमेकांना शोधू लागली की भिंतीला बोलावे लागते. मुंबई ही तर परक्या माणसांचीच नगरी. तेव्हा तेथे हा प्रकार लवकर रुजला यात आश्चर्य नाही.

मुंबईत अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रजी साप्ताहिके निघू लागली. त्यांच्या पानांवर जहाजांच्या आगमनाबरोबर बंगले, बागा आणि सामानसुमान यांच्या लिलावाच्या सूचना येत. देशी व्यापाऱ्यांना त्या कळाव्यात म्हणून ‘बॉम्बे कुरियर’ या पत्रात आधी गुजराती आणि मग, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, मोडी लिपीतील जाहिराती छापल्या जाऊ लागल्या. येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठी वृत्तपत्राचा आरंभ आपण 6 जानेवारी 1832 रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’पासून धरतो, परंतु मुंबईच्या वृत्तपत्रात मराठी मजकूर त्यापूर्वीच शिरला होता, आणि तो जाहिरातीच्या वाटेने शिरला होता.

पुढे गणपत कृष्णाजींसारख्यांनी शिळाछाप व खिळेछाप असे दोन्ही प्रकारचे छापखाने चालविले, आणि 1860 नंतर जावजी दादाजींनी देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. आमच्या ठाणे जिल्ह्यातही ‘अरुणोदय’ हे पत्र 1866 साली ठाण्यास सुरू झाले. छापखाना गावोगाव गेला तसा किरकोळ छपाईचा धंदा वाढला. लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती, लिलावाच्या नोटिसा आणि हस्तपत्रके ही लहान छापखान्यांची खरी मिळकत असे. जुळाऱ्याने खिळे जुळवावेत, पायाने चालविण्याच्या ट्रेडल यंत्रावर पातळ गुलाबी अथवा पिवळा कागद एकेक करून द्यावा, आणि संध्याकाळपर्यंत हजार प्रती बांधून ठेवाव्यात, असा तो क्रम होता. वृत्तपत्रातील जागेपेक्षा हे पत्रक स्वस्त पडे आणि ज्या आळीत गिऱ्हाईक असेल त्याच आळीत वाटता येई.

सरकारची दृष्टी या कागदांकडे लवकरच वळली. 1867 च्या छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीच्या कायद्याने असा दंडक घातला की, प्रत्येक छापील पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण वाचता येईल असे छापलेच पाहिजे. कायद्याचा उद्देश राजकीय देखरेखीचा होता हे उघड आहे. तथापि त्यामुळे एक गोष्ट अनायासे घडली. ज्या पत्रकाचा लेखक सापडत नाही त्याचा निदान मुद्रक तरी सापडू लागला. तो कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला आणि 2023 च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. मात्र घराच्या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी त्या बारीक ओळीने कोणावरही टाकलेली नव्हती. कागद कोणी छापला हे कळे. कागद खरा बोलतो की नाही हे ज्याचे त्याने पाहावे.

ते न पाहिल्याचे फळ मुंबईने 1865 साली भोगले. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस मँचेस्टरला पोहोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. आलेला पैसा कोठे गुंतवावा हे कळेना, तेव्हा नव्या नव्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी सर्वांत नावाजलेली म्हणजे बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेली कंपनी. तिचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. ज्या जमिनीचे हे भाग ती अजून भरतीच्या पाण्याखाली होती. तिच्यावर कोणी पाऊल ठेवलेले नव्हते. तिचे अस्तित्व छापील योजनापत्रात आणि नकाशात होते. 1865 च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला आणि जुलै महिन्यात सौदे पुरे करण्याचा दिवस येताच अनेक धनाढ्य घराणी एका दिवसात बसली. न झालेली जमीन कागदावरून विकण्याचा तो आपल्याकडील पहिला मोठा प्रयोग म्हणता येईल.

याच सुमारास आमच्या भागातून आगगाडी गेली. मुंबई ते ठाणे लोहमार्ग 16 एप्रिल 1853 रोजी सुरू झाला. 1854 मध्ये गाडी कल्याणला, 1855 मध्ये वासिंदला आणि 1861 च्या आरंभी कसाऱ्याला पोहोचली. शहापूर तालुक्यातून गाडी धावू लागली, मुरबाड तालुका मात्र लोहमार्गापासून दूर राहिला. जमिनीच्या किमतीवर या गोष्टीचा परिणाम पुढे शंभर वर्षांनी दिसावयाचा होता. कारण लोकांनी स्टेशनापासून घराचे अंतर मोजण्यास आधी शहर पुरेसे फुगले पाहिजे.

ते फुगले, आणि 1896 साली प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट चाळींतून माणसे पटापट मेली तेव्हा सरकारने 1898 मध्ये मुंबईत शहरसुधारणेचा ट्रस्ट स्थापिला. रुंद रस्ते काढणे, दाट वस्ती मोडणे आणि दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड पाडणे हे त्याचे काम. येथून घराच्या वर्णनाची भाषा पालटली. पूर्वी घराचे मोल पेठ आणि शेजार यांवरून ठरे. आता मोकळी हवा, भरपूर उजेड, स्वतंत्र नळ आणि स्वतंत्र शौचकूप हे शब्द विकले जाऊ लागले. चार भिंतींच्या आत सर्व सोय असलेल्या बिऱ्हाडाला ‘ब्लॉक’ म्हणण्याची रीत मराठी घरांत पडली. प्लेगाच्या भयातून जन्मलेली ही विशेषणे आजही पत्रकांवर जशीच्या तशी आहेत. त्यांच्यामागचे भय मात्र आपण विसरलो.

विलायतेतही हाच काळ जाहिरातीच्या बहराचा होता. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने आपल्या मार्गालगतच्या जमिनीवर घरे उभारण्याचा उद्योग आरंभिला आणि 1915 पासून 1932 पर्यंत ‘मेट्रो-लँड’ नावाची सचित्र पुस्तिका दरवर्षी काढली. फुलबागा, टेकड्या, खेड्यातील शांतता आणि शहरात नेणारी जलद गाडी, अशी ती गोड चित्रे होती. लोक राहावयास गेले आणि ज्या खेड्यांची चित्रे पाहून ते गेले ती खेडी त्यांच्याच घरांखाली नाहीशी झाली.

याच 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. मुंबईतील ही पहिली सहकारी गृहसंस्था होय. तिला हस्तपत्रक वाटण्याचे कारण नव्हते. सभासद एकमेकांना ओळखणारे, हिशेब सर्वांपुढे मांडलेला, आणि विकणारा व घेणारा एकच. गोतसभेची जुनी साक्ष छापील पोटनियमांच्या रूपाने शहरात पुन्हा उभी राहिली असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. परंतु ज्याला अशी ज्ञाती नाही, ओळख नाही, वशिला नाही, त्याने काय करावे, या प्रश्नाला सहकाराकडे त्या वेळी पुरेसे उत्तर नव्हते. ओळखीची जागा तेथेही शेवटी कागदालाच घ्यावी लागली.

हस्तपत्रकाचा खरा सुकाळ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्याचे कारण मोठे शिकण्यासारखे आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या सुमाराच्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूंचे रक्षण व्हावे हा हेतू होता आणि निर्वासितांनी व नोकरीसाठी येणाऱ्यांनी भरलेल्या शहरात ते आवश्यकही होते. परंतु भाडे वाढणार नाही म्हटल्यावर भाड्याने देण्यासाठी घरे बांधण्यात कोणाला स्वारस्य राहिले नाही. बांधणारे घरे विकू लागले. एका इमारतीचा मालक एक, ही कल्पना मागे पडून एका मजल्यावरील एकेका सदनिकेचा मालक निराळा, ही कल्पना रूढ झाली. भाड्याची खोली जाऊन पाहता येते. विकण्याची सदनिका मात्र पायाही खणला नसता विकता येते, किंबहुना तशी विकूनच पाया खणण्याचे पैसे उभे करता येतात. तेव्हा अद्याप नसलेली वस्तू डोळ्यांना दाखवील असे काहीतरी हवे होते. ते काम माहितीपुस्तिकेने पत्करले.

त्यातून अनर्थ झाले. घरांच्या टंचाईचा फायदा घेऊन चाललेल्या गैरप्रकारांची चौकशी करण्यास सरकारने 1960 साली समिती नेमली आणि 1963 मध्ये महाराष्ट्राने मालकी सदनिकांविषयीचा कायदा केला. विकणाऱ्याने जमिनीवरील आपला हक्क उघड करावा, मंजूर नकाशे दाखवावेत आणि पैसे घेण्यापूर्वी लेखी, नोंदविलेला करार करावा, असे त्याने ठरविले. पुढे त्यात दुरुस्ती होऊन जाहिरातीत आतले चटईक्षेत्र किती, किंमत किती आणि सामाईक जागा कोणत्या, हेही सांगावे असे बंधन आले. उषवदाताच्या लेखातील चार गोष्टी कायद्याने पुन्हा मागितल्या असे आपण म्हणू.

त्या मिळाल्या काय? कोणतेही जुने पत्रक हाती घ्या. अंतर मैलांत अथवा किलोमीटरांत नसते. ते मिनिटांत असते, आणि ती मिनिटे कोणाच्या पायांची अथवा कोणत्या वाहनाची हे सांगितलेले नसते. किंमत ‘आकर्षक’ असते. क्षेत्रफळात जिना, गच्ची, उद्वाहनाचा खड्डा आणि भिंतींची जाडी मिळवून ते फुगविलेले असते. त्याला मोठे भारदस्त इंग्रजी नाव दिलेले असते. चित्रातील झाडे पंचवीस वर्षांची असतात. समोरची झोपडपट्टी, नाला आणि विजेचे मनोरे चित्रकाराच्या कुंचल्याने पुसलेले असतात, आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, हे चित्र केवळ कल्पनाचित्र आहे असे म्हटलेले असते. इमारतीखालची वाहनांची जागासुद्धा स्वतंत्र मोल घेऊन विकली जाई. ती सामाईक असून सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला तेव्हा पुष्कळांना आपण काय विकत घेतले होते ते प्रथम कळले.

आता आमच्या धसईकडे वळतो. धसई हे मुरबाड तालुक्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. आसपासच्या पन्नास-साठ खेड्यांची ही बाजारपेठ. भात, नागली, जंगलातील जिन्नस आणि शहरातून येणारा किराणा यांची येथे देवघेव चालते. डिसेंबर 2016 मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित व्यवहाराचे गाव म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे नाव देशभर नेले. त्या बातमीनंतर गावाविषयी चौकशी करणारी पाहुणेमंडळी वाढली. त्यांत जमीन पाहावयास येणारेही होते.

आमच्याकडे दोन प्रकारची पत्रके दिसतात. काही कल्याण-बदलापुराकडून येतात आणि नोकरी लागलेल्या आमच्या मुलांना शहरातील सदनिका दाखवितात. दुसरी पत्रके येथे वाटलीच जात नाहीत. ती मुंबई, ठाणे, डोंबिवली येथे वाटली जातात, आणि त्यांत विकावयास काढलेली वस्तू म्हणजे आमच्याच डोंगरांचा पायथा असतो. शेतघराचे भूखंड, निसर्गाच्या कुशीत दुसरे घर, धबधब्याचा देखावा, महामार्गाची समीपता, अशी त्यांची भाषा असते. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जात असल्यामुळे या भाषेला अधिकच जोर चढला आहे.

मी येथे निवृत्त शाळामास्तर म्हणून राहतो आणि कागद वाचून दाखविणे हे आमच्या जातीचे जुनेच काम आहे. एकदा भर एप्रिलात एक गृहस्थ सपत्नीक आले. त्यांच्या हातात पुस्तिका होती आणि तीत तलावाकाठचा भूखंड दाखविला होता. तलाव शोधीत ते दोन तास उन्हात हिंडले होते. चित्र ऑगस्टातील होते. भाताच्या खाचरात साचलेले पाणी त्यात निळेभोर दिसत होते. एप्रिलात तेथे भेगाळलेली माती आणि गुरांचे खूर होते. मी त्यांना सात-बाराचा उतारा काढावयास सांगितले. त्यावर विकणाऱ्याखेरीज आणखी दहा सहहिस्सेदारांची नावे निघाली. बाईंनी पुस्तिका पिशवीत ठेवली आणि विचारले, “गुरुजी, हे छापलेलं आहे ना?” छापलेल्या अक्षरावर त्यांचा विश्वास होता, तो विश्वास आम्ही मास्तरांनीच शाळेत लावलेला असतो. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर देणे मला सोपे गेले नाही.

अशा पत्रकांत न सांगितलेल्या गोष्टी मी थोडक्यात सांगतो. 1948 च्या कूळकायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडता, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तीस शासनाची पूर्वमान्यता असावी लागते. शहापूर व मुरबाड हे ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी यांच्या वस्तीचे तालुके आहेत. त्यांतही कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या दुसऱ्यांच्या नावावरील जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आहेत. घर त्यांचे, चूल त्यांची, पुरलेले पूर्वज त्यांचे, परंतु उताऱ्यावर नाव नाही. अशी जमीन पुस्तिकेत ‘निर्मनुष्य, शांत परिसर’ म्हणून छापली जाते. चित्रातून नाला पुसणे ही लबाडी खरी. परंतु वाडीच पुसणे याला काय म्हणावे हे श्रोत्यांनीच ठरवावे.

पाण्याचेही तसेच. तानसा तलावाचे काम 1892 साली पुरे झाले. तेव्हापासून शहापूर तालुका मुंबईची तहान भागवीत आला आहे, आणि पुढे भातसा धरणाचे पाणीही त्यात मिळाले. त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पत्रकात मात्र ‘बारमाही पाणी’ असे दोन शब्द असतात. ज्याच्या घरी शहरात नळातून आमचेच पाणी येते तो माणूस ते दोन शब्द वाचून येथे घर घेतो आणि पहिल्याच वैशाखात बायाबापड्यांच्या रांगेत त्याचाही हंडा उभा राहतो. येणाऱ्यांशी माझे वैर नाही. शहरातील कोंडमाऱ्याने थकलेल्या माणसाला डोंगराजवळ घर असावेसे वाटले तर ती इच्छा निर्मळच आहे. त्याला आणि आम्हाला एकाच कागदाने फसवू नये, एवढेच माझे म्हणणे.

सुदैवाने कायदा आता पुष्कळ पुढे आला आहे. स्थावर संपदेविषयी 2016 साली संसदेने केलेला कायदा आणि त्याखाली 2017 पासून काम करणारे महारेरा हे प्राधिकरण यांनी हस्तपत्रकाची कायदेशीर योग्यताच पालटून टाकली. नोंदणी झाल्यावाचून प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही. आणि प्रकल्प म्हणजे केवळ इमारती नव्हेत, पाडलेले भूखंडही त्यात येतात. जाहिरात या शब्दात नोटीस, परिपत्रक आणि कोणत्याही रूपातील प्रसिद्धी मोडते. त्यावर नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक दिला पाहिजे. 1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात क्यूआर संकेतही छापावा लागतो, म्हणजे दूरध्वनी त्यावर धरला की प्रकल्पाची नोंद पुढे येते. सर्वांत महत्त्वाचे कलम बारावे. जाहिरातीतील अथवा नमुन्याच्या सदनिकेतील खोट्या मजकुरावर विसंबून कोणी पैसे दिले आणि त्याचे नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई दिली पाहिजे; घेणाऱ्याला व्यवहारातून बाहेर पडावयाचे असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत केली पाहिजे. नोंदविलेला करार केल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कमही घेता येत नाही. 1867 च्या कायद्याने कागद कोणी छापला एवढेच विचारले होते. हा कायदा कागद काय बोलला हे विचारतो आणि बोलल्याबद्दल जबाबदार धरतो.

तथापि कायद्यालाही कुंपणाच्या फटी असतात. पाचशे चौरस मीटरांपर्यंतची जमीन अथवा आठांपर्यंत सदनिका असलेले लहान प्रकल्प नोंदणीतून मोकळे आहेत, आणि जमिनीचा एकेक तुकडा सुटासुटा विकणारे लोक या फटीतून पाहत असतात. तेथे घेणाऱ्याने आपली गोतसभा आपणच भरविली पाहिजे. उतारा आणि फेरफार पाहावा, तलाठ्याला विचारावे, मोजणी करून घ्यावी, शेजारच्या बांधावरील माणसाशी चार शब्द बोलावे, आणि जमीन पावसाळ्यात एकदा नि उन्हाळ्यात एकदा अशी दोनदा पाहावी. बांधावरच्या त्या माणसाने चतुःसीमा छापलेल्या नकाशापेक्षा खरी सांगितल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

शेवटी एक लहानशी विनंती. घराचे अथवा जमिनीचे जे पत्रक वाचून आपण पैसे दिले असतील ते टाकून देऊ नका. करारपत्राच्याच फडताळात, त्यावर मिळाल्याची तारीख घालून ठेवा. प्रसंग पडल्यास ते आपली साक्ष देईल. ज्यांना घर घ्यावयाचे नाही त्यांनीही आपल्या गावाविषयीची अशी पत्रके गावच्या वाचनालयात नेऊन द्यावीत. धसईच्या पायथ्याशी 2025 साली काय विकावयास काढले होते, कोणत्या शब्दांत, आणि त्या चित्रात कोणती वाडी दाखविली नव्हती, हे पुढील पिढीतील एखाद्या मास्तराला आपल्या मुलांना सांगावेसे वाटेल. त्याच्यासाठी पांडवलेण्यांसारखा दगड आपण ठेवू शकत नाही. कागद तरी ठेवावा.